पाठीवरचा कापूस

कोणीतरी मागून बाही ओढली. अंगातली नव्हे, हातावर टाकलेल्या ब्लेझरची. यादव तेव्हा होळकर पुलाच्या मध्यावर होता. खाली गोदावरीचं, नाशिककरांच्या गंगेचं, उतरलेलं पाणी, काठावर वाळत घातलेली धुणी, आणि थंडीचे दिवस असले तरी दुपारचं ऊन मानेला लागत होतं, म्हणून त्यानं ब्लेझर काढून अस्तर बाहेर येईल असा उलटा डाव्या हातावर घेतला होता. त्यानं वळून पाहिलं. एक बाई. म्हातारी म्हणावी तर केस अजून काळे होते, आणि नाही म्हणावं तर चेहरा केव्हाच म्हातारा होऊन बसला होता. काखेत कापसाचं बोचकं. पदराला, भुवयांना, पापण्यांनासुद्धा कापसाची बारीक कणी. ती त्याच्याकडे पाहतच नव्हती. ब्लेझरच्या आतल्या खिशावरून बोट फिरवत होती. बाकीचं अस्तर करडं आणि तेवढा एक खिसा हिरव्यागार चोळीच्या खणाचा, लाल काठाचा. घेतल्या दिवसापासून त्या खिशाची त्याला लाज वाटायची. ब्लेझर काढायची वेळ आली की तो नेमका तो खिसा आत दडपून घडी घालायचा. आज उन्हानं विसर पाडला होता.

"हा खण माझा हाय," ती म्हणाली.

भांडणाचा सूर नव्हता. पण पुलावरचे दोघंतिघं थांबले, आणि यादवनं ब्लेझर अंगाशी ओढून धरला. माणसं थांबली की तो नेहमी असंच करायचा. आपल्या हातात जे आहे ते आपलंच आहे हे आता सांगावं लागणार, ही तयारी त्याच्या अंगात जन्मापासूनची होती. "बुधवारच्या बाजारात घेतलाय मी," तो म्हणाला, जरा मोठ्यानं, थांबलेल्यांना ऐकू जाईल असं. "विकत."

"आसंल. मी कुठं म्हणते चोरला." तिनं पहिल्यांदा मान वर करून त्याला पाहिलं, खांद्यापासून खाली, जसं कापड बघतात. "चोरणाऱ्यानं मापाचा तरी चोरला आसता. खांदे उतरल्यात तुझं." थांबलेले लोक हसून चालू लागले. ती मात्र हलली नाही. "माझ्या ल्योकाचा हाय, भिकनचा. ह्ये बटन लोंबतंय बघ. चल, टाचून देते. हितंच राहते, पंचवटीत."

"भिकनला चालेल का पण," असं काहीतरी तो बोलला, निसटायला म्हणून. तर ती बोचकं काखेत सारखं करत म्हणाली, "त्यो नाय आता." आणि वळून चालू लागली. तो मागोमाग का गेला हे त्याला नंतरही नीट सांगता आलं नसतं. बटण खरंच लोंबत होतं, आणि सोमवारी मुंबईला बँकेची मुलाखत होती. एवढं कारण पुष्कळ होतं.

ह्या ब्लेझरपायी किती बोलणी खाल्ली होती त्यानं. कोर्टाच्या आवारात एका वकीलसाहेबांकडे तो टायपिंग करायचा. दिवसभर काळे कोट डोळ्यांपुढून जायचे. जुने, नवे, काखेत घामानं पांढरे पडलेले, चहाच्या टपरीवर खुर्चीच्या पाठीला अडकवलेले. काळ्या कोटात माणूस आत शिरला की त्याचा आवाज बदलतो, हे तो टाइपरायटरच्या मागून वर्षानुवर्षं पाहत होता. मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा त्याला दुसरं काही सुचलं नाही, ब्लेझर पाहिजे एवढंच सुचलं. बाजारातल्या जुन्या कपड्यांच्या ढिगात हा मिळाला. विकणारा म्हणाला, मुंबईचा माल आहे, साहेबलोकांचा. पितळी बटणं होती, कापड भारी होतं. पहिल्या दिवशी घालून गेला तर साहेबांचे कारकून म्हणाले, "काय पगारे, सनद कधी घेतली?" आणि टपरीवाला म्हणाला, "तिकीट दाखवू का टीसीसाहेब?" तो हसला होता. हसताना त्यानं सगळी बटणं लावली होती, वरपासून खालपर्यंत, आणि ती लावल्यावर कोट अंगाला आवळत होता की अंग कोटापासून मागे सरत होतं, कळत नव्हतं. हा प्रकार घालायचा कसा, हेच मुळात कोणाला विचारणार. मेन रोडवरच्या दुकानात काचेमागचा पुतळा उभा असायचा, त्याच्यापुढे तो उभा राहून बघायचा, पण पुतळ्याला मान नव्हती आणि हातही नव्हते. सिनेमाच्या पोस्टरवरचा हिरो कोट खांद्यावर टाकून एका बोटानं धरतो, तसं कोर्टात कोण धरणार. घरी आरसा होता तो दाढीचा, तळहाताएवढा. त्यात कधी खांदा दिसायचा, कधी बटण, कधी नुसती कॉलर. अख्ख्या ब्लेझरात अख्खा यादव कसा दिसतो, हे त्यानं अजून पाहिलंच नव्हतं.

बोळ अरुंद होता. पुढे ती, मागे तो. तिच्या पाठीवरही कापूस होता. आणि चालता चालता, काही बोलणं नसताना, त्याला आपोआप समजलं. गेलेल्या माणसाचे कपडे दहाव्याला गंगेवर सोडतात, आणि सोडलेले कपडे पाण्यात राहत नाहीत. ते उचलून कुठल्या बाजारात विकतात हे नाशकात सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोणी बोलत नाही. त्यालाही ठाऊक होतं. ढिगात हात घालताना ते ठाऊक असणं कुठं गेलं होतं कोण जाणे. त्याची बोटं ब्लेझरवर होती तशीच राहिली, पण बोटांना आता कापड वेगळं लागू लागलं. मेलेल्याचं कापड. हा शब्द त्याच्या घरात साधा नव्हता. आजोबा, सहादू पगारे, गावी असताना पाटलाच्या घरात कोणी गेलं की अंगावरचे कपडे शिवेवर टाकायचे आणि ते उचलायचा मान आजोबांचा. मानच म्हणायचे त्याला. बुद्धाचा धर्म घेतला त्या वर्षी थोरला पाटील वारला आणि त्याचा लोकरीचा कोट शिवेवर येऊन पडला. आजोबांनी उचलला नाही. थंडीचे दिवस होते, अंगात फाटकी बंडी होती, आणि कोट तिथंच पडून राहिला. कुत्री त्यावर निजली. मग गावानं दाणागोटा बंद केला आणि पगाऱ्यांचं घर नाशकात आलं. आई ही गोष्ट सांगायची तेव्हा शेवटी तिचा आवाज खाली यायचा. "तुझ्या आज्याला हुडहुडी भरायची रं," ती म्हणायची, "पण त्या वाटेनं जाताना कोटाकडं बघायचा नाही." यादव लहानपणी त्या कोटाची स्वप्नं पाहायचा. शिवेवर हात पसरून पडलेला कोट, आत कोणी नसलेला. आणि आता तो, सहादूचा नातू, सगळी बटणं लावून महिनाभर कोर्टात फिरला होता.

एका खोलीचं घर. भिंतीला वातींचे जुडगे टांगलेले, लांब वाती, फुलवाती. ती गंगेवर वाती विकायची, धोंडाबाई तिचं नाव. खाटेवर बस म्हणाली. तो कडेला टेकला. ती डबे उचकत दोरा शोधत राहिली आणि पाठमोरीच विचारू लागली.

"नाव काय तुझं?"

"यादव."

"पुढं?"

आता हे आलं. हा प्रश्न विचारताना माणसं चेहरा कशी सरळ ठेवतात आणि उत्तर ऐकल्यावर तोच चेहरा किती हळू दुसरीकडे वळतो, याचा त्याला सराव होता. कोट परत मागतील, किंवा बाटला म्हणून मागणार नाहीत. दोन्हींत सारखंच. "पगारे," तो म्हणाला, आणि भिंतीवरच्या वातींकडे बघत राहिला.

"भिकनच्या आर्केस्ट्रात एक पगारे व्हता," धोंडाबाई म्हणाली. "ढोलकी वाजवायचा. लय खादाड. हितं बसला की डबाच रिकामा करायचा." तिनं माठातून तांब्या भरून त्याच्या हातात दिला. हातातच. पाणी गार होतं. त्यानं तांब्या तळापर्यंत संपवला.

दोरा काही सापडला नाही. मग तिनं वातीचं सूत पीळ देऊन घट्ट केलं, दिवळीतलं काजळ बोटावर घेऊन सुताला चोळलं, ते काळं झालं, आणि सुईत ओवलं. बटण टाचताना ती बोलत होती, आणि तिच्या बोलण्याला ओघ होता, जसा सूत काढताना असतो, मध्ये तुटायचं आणि थुंकी लावून पुन्हा जोडायचं. भिकन आर्केस्ट्रात गायचा. सगळ्यांना काळे कोट शिवले होते. हा फणी ठेवायचा आतल्या खिशात, फणीच्या दातांनी अस्तर फाटायचं, म्हणून तिनं आपल्या चोळीच्या खणाचा खिसा लावून दिला. "चिडला लय. म्हनला, पोरं हसतील. म्या म्हनलं, आतलं कोन बघतंय." मालेगावला कार्यक्रमाला गेला, आधीपासून डोळे पिवळे होते, ते कोणी मनावर घेतलं नाही. तिथंच कावीळ उलटली. तो गेला, आणि कोट तेवढा पिशवीतून परत आला. दहाव्याला दिरानं सगळं गंगेवर सोडलं, तिला विचारलंसुद्धा नाही. विचारायची रीत नाही. "फोटू एक हाय, त्यो पन शाळंतला. त्यात त्याला मिशी नाय."

ती दाताने सूत तोडून उठली. "घाल."

त्यानं घातला. सवयीनं सगळी बटणं लावू लागला तशी तिनं हातावर चापट मारली, हलकीच. "खालचं उघडं ठेव. लावलं की पोट धरल्यावानी दिसतंय. ही शर्टाची कॉलर बाहेर काढ. आता बसव वरून. कबुतरानं पंख टाकल्यावानी बसली पाहिजे. बाही जरा वर. मनगट दिसू दे, घड्याळ नसंना का." ती मागे सरून पाहू लागली. खोली एवढीशी, मागे सरायला जागा नव्हती, तिची पाठ वातींना लागली आणि वाती हलल्या. "आन मान. मान खाली घालून कोट घालायचा नसतो म्हनायचा त्यो. मग घोंगडीच घ्यावी."

यादवनं मान वर केली. कोणीतरी आपल्याला अख्खं बघतंय. डोक्यापासून पायापर्यंत, आरशाबाहेर, तुकडे न करता. आणि बघणारे डोळे त्याला बघत नाहीत, हेही त्याला त्याच वेळी कळत होतं. खांदे थोडे उतरलेले होते, तेवढ्या जागेत दुसरा कोणी अजून उभा होता. यादवला वाटलं हे काढून खाटेवर ठेवावं आणि निघून जावं. ठेवतो म्हणालाही. "तुमचाच आहे. राहू द्या इथंच."

"मी काय करू त्याचं," ती म्हणाली. "खुंटीला टांगू? खुंटीवर बघवंल व्हय मला." मग तिनं बोचक्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "एक कर. जाताना हितनं सरळ जा. गिरनीपाशी बोळ वळतो तितपत. काळ्याला कापूस लय चिकटतो, मी रोज झटकायची त्याची पाठ, मग त्यो जायचा आन मी दारात उभी राहायची वळंस्तवर. त्या दिवशी वाती करत बसले. यात्रा व्हती, गिऱ्हाईक व्हतं. म्हनलं, जाऊ दे, येतोय की उद्या." ती आता त्याच्या पाठीमागे होती. "तसाच गेला कापूस घिऊन."

तिनं पाठ झटकली. हात हलका होता, पण एक एक फटका यादवला थेट आतपर्यंत लागला. मानेखाली, खांद्यावर, मग पाठीच्या मधोमध, कापूस कुठं लागतो ते हाताला पाठ असल्यासारखा. "जा आता. मागं बघू नको. त्यो कधी बघायचा नाय."

तो उंबऱ्याबाहेर आला आणि चालू लागला. बोळात एक बाई भांडी घासत होती, तिनं वर पाहिलं आणि तिचा हात राखेतच थांबला. यादवला भिकनची चाल ठाऊक नव्हती. भरभर चालायचा की रमत, हात हलवायचा की खिशात घालायचा, हे विचारायचं राहून गेलं होतं. तो आपला आपल्यासारखाच चालला, आणि आपलं चालणं इतकं जड त्याला कधीच लागलं नव्हतं. सगळं अंग पाठीत येऊन बसलं होतं. पाठीला जणू कान फुटले, डोळे फुटले. मागे काही आवाज नव्हता, तिनं हाक मारली नाही, हुंदका नाही, काही नाही, आणि ते काही नसणंच त्याच्या दोन खांद्यांच्या मध्ये टेकून चाललं होतं. मध्येच, कुठून ते कळेना, त्याला आईची ओवी आठवली. जातं केव्हाच गेलं होतं, आता गिरणीचं दळण, पण आई दवाखान्यातून आयाचं काम करून आली की भांडी घासताना जुन्या ओव्या पुटपुटायची, आणि तो टाइपिंगच्या पुस्तकात मान घालून ते नुसतं ऐकायचा, पंख्याचा आवाज ऐकावा तसं.

लेक निघाला कामाला, मागं पाहीना वळून
उंबऱ्यात उभी माय, डोळा घेतला चोळून

गिरणी आली. पट्ट्याची फटफट, पिठाचा गरम वास. इथं वळायचं. मान मागे वळायला निघाली होती, शिरांनी ओढ घेतली होती, एकदा, एकदाच तिचा चेहरा बघावा. त्यानं दात आवळले आणि वळला. कोपऱ्याआड गेल्यावर मात्र गिरणीच्या भिंतीला टेकून तो उभा राहिला. परत जाता येत नव्हतं, कारण तो गेला होता. बऱ्याच वेळानं गिरणीचा पट्टा थांबला आणि पलीकडून कडी लागल्याचा आवाज आला. एवढा वेळ ती कोणाकडे बघत उभी होती, मोकळ्या बोळात?

वसाहतीत शिरेपर्यंत उन्हं कलली होती. आई, चांगुणा, ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. त्याला पाहून तिनं सूप खाली ठेवलं. "थांब, हालू नको," ती म्हणाली आणि त्याच्या बाहीवरचा कण दोन बोटांनी उचलून उजेडात धरला. "हा कापूस कुठला रं?"

न सांगताही चाललं असतं. मुलाखत परवा होती. एक मुलाखत, एक नोकरी, मग नवा शिवता आला असता, कोणाचाच नसलेला. पण तो कण आईच्या बोटात थरथरत होता. यादवनं सगळं सांगितलं. पूल, खण, दहावा, गंगा. "मेलेल्याचा आहे, आई," तो शेवटी म्हणाला. "मला माहीत नव्हतं. म्हणजे, माहीत असायला पाहिजे होतं."

आई आत जाऊन बसली, तो मागोमाग. घरात अंधार साचत होता, दिवा लावायचं तिला सुचलं नाही. यादवनं ब्लेझर काढून धरला होता, कुठं ठेवावा कळेना, खाली ठेवावा तर तो शिवेवरच्यासारखा दिसला असता. आई भिंतीकडे बघत होती. तिथं सासऱ्याचा फोटो नव्हता, सहादूचा फोटो कोणी काढलाच नव्हता, पण काही ठरवायचं असलं की ती त्याच भिंतीकडे बघायची.

"फेकला का तिनं तुझ्या अंगावर?"

"नाही. मी काढून ठेवत होतो. तिनं घेतला नाही."

"मग?"

"बटण टाचून दिलं."

आईनं हात पुढे केला. ब्लेझर मांडीवर घेऊन तिनं ते बटण चाचपलं, ओढून पाहिलं. बोट काळं झालं. ती त्या बोटाकडे बघत राहिली. "काजळ हाय," ती म्हणाली. "दोरा नव्हता वाटतं तिच्याकडं." मग हिरव्या खिशात हात घातला, आतून बोटं फिरवली, टाके बघितले, बारीक, जवळ जवळ घातलेले. "घरात कोन हाय तिच्या?"

"कोणी नाही."

"आग्गं," आई म्हणाली, इतकंच. उठली, ब्लेझर झटकला, खुंटीवर टांगायला गेली आणि टांगला नाही. दांडीवर आपल्या लुगड्याशेजारी पसरून घातला. "घाल उद्या. पण तिच्याकडं जाऊन ये एखाद दिवस. मी बी येईन. वाती काय, कुठंबी लागत्यात." धर्म घेतल्यापासून त्यांच्या घरात वाती लागत नव्हत्या. दोघांनाही ते माहीत होतं.

रविवारी सकाळी स्टेशनला जायला तो निघाला. कॉलर बाहेर, खालचं बटण उघडं, आतल्या खिशात फणी. पिशवीत भाकरी आणि मुलाखतीचं पत्र. आईनं दारात त्याची पाठ झटकली. कापूस नव्हता, काही नव्हतं, तरी झटकली, मानेखालून खांद्यापर्यंत, आणि तिचा हात धोंडाबाईच्या हाताहून खडबडीत होता, कापडाला अडकत होता. "नीट बोल साहेबांशी," ती म्हणाली. तो "बरं" म्हणाला आणि चालू लागला. वसाहतीचा रस्ता नळाच्या कोंडाळ्यापाशी वळतो. शाळेत असल्यापासून तो याच रस्त्यानं जात होता, बाप गेला त्या वर्षीही, निकालाच्या दिवशीही, रोज कोर्टात. कोंडाळ्याजवळ येता येता त्याची पाठ पुन्हा जागी झाली. पाठीला सगळं ठाऊक होतं. इतकी वर्षं ठाऊक होतं.

तो थांबला आणि वळला.

ती दारात होती. एक हात चौकटीला, दुसऱ्यात पदराचं टोक. इतक्या लांबून नाकडोळे नीट दिसत नव्हते, पण तो चेहरा त्यानं कधी पाहिलेला नव्हता. तो समोरासमोरचा नव्हता. पाठीकडे बघतानाचा होता, रोजचा, आणि यादवनं बघावा असा नव्हता म्हणून इतका उघडा. क्षणभर दोघं तसेच राहिले. मग आई दचकली. पदर सोडून एक पाऊल पुढे आली.

"काय राहिलं रं?"

त्यानं नुसता हात वर केला, नाही म्हणून, की काहीतरी म्हणून, आणि बाही मनगटावरून मागे सरली. तिला ते कळलं नसावं. तो वळला म्हणजे काहीतरी राहिलंच असणार. ती लगबगीनं आत गेली, काय राहिलं ते शोधायला. आतून डब्यांचा, ट्रंकेच्या झाकणाचा आवाज येत राहिला, आणि कोंडाळ्यापाशी उभा राहून यादव रिकाम्या दाराकडे बघत राहिला.